विष्ठेतली साक्ष

सप्टेंबर २००१. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा फंडीचा उपसागर. उन्हाळा सरता सरता उत्तर अटलांटिक राइट व्हेल इथे चरायला येतात. ही देवमाशांची जात शिकारीमुळे नामशेष होण्याच्या काठावर पोचलेली आहे. बोस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियममधल्या संशोधक रोझलिंड रोलँड आणि त्यांचे सहकारी लहानशा होडीतून या देवमाशांच्या मागे फिरत होते. त्यांना देवमासा पकडायचा नव्हता आणि त्याला सुईही टोचायची नव्हती. त्याने टाकलेली विष्ठा पाण्यावर थोडा वेळ तरंगते, ती जाळीने उचलून बरणीत भरायची एवढंच काम होतं. वास असा की कपड्यांतून कित्येक दिवस जात नाही. बरण्यांवर तारीख आणि जागा लिहिली जात होती आणि त्या गोठवून ठेवल्या जात होत्या.

११ सप्टेंबरला न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ले झाले. विमानं थांबली, हे सगळ्यांनी पाहिलं. समुद्रावरची जहाजंही कमी झाली, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याच उपसागरात सुझन पार्क्स ही संशोधक वेगळ्याच अभ्यासासाठी पाण्याखालचे आवाज ध्वनिमुद्रित करत होती. काही वर्षांनी ही दोन कामं शेजारी शेजारी मांडली गेली आणि २०१२ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. हल्ल्यानंतरच्या दिवसांत पाण्याखालचा गोंगाट ६ डेसिबलने उतरला होता, म्हणजे ध्वनीची ऊर्जा जवळजवळ चौथाईवर आली होती. मोठ्या जहाजांचा जो खोल घुमारा असतो, ज्या पट्टीत हे देवमासे एकमेकांशी बोलतात, तोच प्रामुख्याने कमी झाला होता. त्याच दिवसांतल्या विष्ठेत तणावाच्या संप्रेरकांचे अंशही खाली आलेले दिसले. पुढच्या चार वर्षांत, जहाजं नेहमीसारखी धावत असताना, त्याच महिन्यात अशी उतरण एकदाही दिसली नाही. जहाजांच्या आवाजाने देवमासे कायम तणावात राहत असावेत, याचा तो पहिला पुरावा होता. तो मिळाला कारण कुणीतरी आधीपासून, काहीही घडलेलं नसताना, इमानाने नमुने गोळा करत होतं.

समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या आम्हा छत्रपती संभाजीनगरकरांनी ही हकिगत का वाचावी? आमच्या शहराच्या मध्यभागी, एसटीच्या मध्यवर्ती बसस्थानकाला लागून, सिद्धार्थ उद्यानात महापालिकेचं प्राणिसंग्रहालय आहे. मराठवाड्यातल्या पिढ्यान् पिढ्यांनी आयुष्यातला पहिला वाघ तिथे पाहिला. त्या वाघांना मिटमिट्याच्या नव्या जागेत नेण्याचं ठरलं आहे. फंडीच्या उपसागरातल्या त्या बरण्यांचा आणि या स्थलांतराचा थेट संबंध आहे. पण त्याआधी हे शास्त्र इथवर कसं आलं ते सांगायला हवं, कारण त्याची सुरुवात दयेतून झालेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन हा तरुण मांजरांच्या पोटातली हालचाल नव्या क्ष-किरणांनी पाहत होता. मांजर घाबरलं, चिडलं की जठराची हालचाल एकदम थांबते, हे त्याच्या लक्षात आलं. भीती ही केवळ मनातली गोष्ट नसून ती आतड्यापर्यंत पोचते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यातूनच पुढे 'लढा किंवा पळा' ही त्याची प्रसिद्ध मांडणी उभी राहिली. नंतर १९३६ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये नवं स्त्री-संप्रेरक शोधायला निघाला. उंदरांना बीजांडकोशाचा अर्क टोचला की तीन गोष्टी घडत: मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी सुजत, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसत असे, जठराला व्रण पडत. नवं संप्रेरक सापडलं असं त्याला वाटलं. मग त्याने मूत्रपिंडाचा अर्क टोचला, प्लीहेचा टोचला, शेवटी फॉर्मालिन टोचलं. दर वेळी त्याच तीन खुणा. उंदरांना गारठ्यात ठेवलं, अति दमवलं, तरी त्याच. नवं संप्रेरक सापडलं नाही, पण कोणत्याही आघाताला शरीर एकाच ठरावीक रीतीने उत्तर देतं हे सापडलं. ४ जुलै १९३६ च्या 'नेचर'मध्ये त्याचं पानभराहूनही लहान टिपण छापून आलं. आज आपण ज्याला तणावाचं शरीरशास्त्र म्हणतो त्याचा पाया त्या टिपणात आहे, आणि त्या पायाखाली असंख्य उंदीर आहेत. हे विसरू नये असं मला वाटतं.

अधिवृक्क ग्रंथीतून नेमकं काय स्रवतं, ते अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या एडवर्ड केंडॉलने आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइनने कत्तलखान्यांतून आणलेल्या गुरांच्या ग्रंथींमधून वर्षानुवर्षं खपून वेगळं केलं. फिलिप हेंच या डॉक्टरने त्यातलं एक द्रव्य संधिवाताच्या रुग्णांना दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली. १९५० चं नोबेल या तिघांना मिळालं. कॉर्टिसोन हे त्या द्रव्याचं नाव तिथून घराघरांत आलं; कॉर्टिसॉल हे त्याचंच भावंड. संकट दिसलं की मेंदूतून पीयूषिका ग्रंथीला निरोप जातो, ती रक्तात आपलं संप्रेरक सोडते, ते अधिवृक्कापाशी पोचतं आणि काही मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसॉल चढतं. ते साखर मोकळी करतं, स्नायूंना बळ पुरवतं. पचन, वाढ, प्रजनन ही कामं तात्पुरती बाजूला ठेवतं. वाघापासून पळणाऱ्या हरणाला याचाच आधार. घात होतो तो हे चढलेलं कॉर्टिसॉल महिनोन्महिने उतरत नाही तेव्हा. मग रोगप्रतिकारशक्ती खचते, माद्या गाभण राहत नाहीत, जखमा भरत नाहीत.

पण इतकं सूक्ष्म द्रव्य मोजायचं कसं? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास इन्सुलिनसाठी एक युक्ती काढली. विशिष्ट द्रव्य ओळखणारी प्रतिद्रव्यं घ्यायची आणि किरणोत्सर्गी खूण लावलेलं तेच द्रव्य त्यांच्यापाशी स्पर्धेला ठेवायचं. नमुन्यात मूळ द्रव्य जितकं जास्त, तितकं खूणवालं बाहेर राहतं. या युक्तीने रक्तातल्या अत्यल्प संप्रेरकाचंही माप घेता येऊ लागलं. दोघांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले; १९७७ चं नोबेल घ्यायला यॅलो एकट्या गेल्या. दरम्यान १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एंगवाल आणि पर्लमन यांनी किरणोत्सर्गी खुणेऐवजी रंग बदलणारं विकर वापरलं. आज आपल्याकडच्या साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही 'एलायझा' म्हणून जी चाचणी होते ती हीच.

प्राण्यांच्या बाबतीत मात्र एक पेच उरलाच होता. रक्त काढायला प्राणी धरावा लागतो, बांधावा लागतो, बेशुद्ध करावा लागतो. धरलं की तीन ते पाच मिनिटांत कॉर्टिसॉल चढायला लागतं. म्हणजे मोजणाऱ्याने स्वतःच दिलेला त्रास मोजायचा आणि त्याला प्राण्याची स्थिती म्हणायचं! समुद्री प्राण्यांत हे आणखी बिकट. डॉल्फिनला पाण्याबाहेर काढणं हाच त्याच्यासाठी मोठा आघात असतो.

यातून वाट निघाली ती सगळ्यात हलक्या मानलेल्या जागेतून. कॉर्टिसॉल यकृतात मोडतं, पित्तातून आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्याचे आणखी तुकडे करतात आणि शेवटी ते विष्ठेतून बाहेर पडतं. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठात रूपर्ट पाल्मे आणि एरिख म्योस्टल यांनी १९९७ मध्ये मेंढ्यांच्या लेंड्यांमध्ये हे तुकडे मोजून दाखवले. रक्तातला चढउतार काही तासांच्या अंतराने लेंड्यांत उमटतो हे सिद्ध झालं. त्याच वर्षी अमेरिकेत सॅम्युअल वॉसर यांनी ठिपकेवाल्या घुबडांच्या विष्ठेवरून दाखवलं की लाकूडतोडीच्या रस्त्यांजवळ राहणारे नर जास्त तणावात असतात. या पद्धतीचं मोठं सुख असं की विष्ठा एका क्षणाचं माप देत नाही. मधल्या काही तासांची किंवा दिवसाभराची सरासरी तिच्यात साठलेली असते. आणि प्राण्याला कळतही नाही की आपली चौकशी चालली आहे.

समुद्रावर मात्र विष्ठा सापडणंच कठीण. ती तासाभरात विरते किंवा बुडते. रोलँड यांनी त्यासाठी होडीच्या टोकावर कुत्री बसवली. फार्गो नावाचा रॉटवाइलर वाऱ्यावरचा वास घेऊन मैलभरावरूनही दिशा दाखवू लागला, आणि माणसांना नुसत्या डोळ्यांनी जितके नमुने मिळत त्याच्या चौपट हाती येऊ लागले. वॉसर यांच्या चमूत टकर नावाचा काळा कुत्रा होता. पाण्यात उतरायला तो नाखूष, पण किलर व्हेलची विष्ठा शोधण्यात निष्णात. त्याने शोधलेल्या नमुन्यांतून २०१२ मध्ये एक मोलाची गोष्ट पुढे आली. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या किलर व्हेल पर्यटकांच्या बोटींमुळे बेजार आहेत असा समज होता. नमुने तपासले तर उन्हाळ्याच्या अखेरीस, बोटी सर्वांत जास्त असताना, तणावाची संप्रेरकं कमी होती. कारण तेव्हा त्यांचं आवडतं सामन मासळीचं अन्न मुबलक होतं. अवटू ग्रंथीच्या (थायरॉइडच्या) संप्रेरकाने उपासमारीची बाजूही दाखवली. बोटींचा त्रास नव्हताच असं नाही, पण मुख्य दुखणं भुकेचं होतं. एकाच संप्रेरकाच्या एकाच आकड्यावर भिस्त ठेवली असती तर इलाज भलत्याच जागी झाला असता.

सर्वांत थक्क करणारा पुरावा देवमाशाच्या कानात मिळाला. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ जहाजाच्या धडकेने एक नर ब्लू व्हेल मेला. त्याच्या कानातला मळाचा बोळा सुमारे २५ सेंटिमीटर लांब होता. हा बोळा जन्मापासून थरावर थर साचत वाढतो, झाडाच्या खोडात वलयं पडावीत तसा. बेलर विद्यापीठाच्या स्टीफन ट्रंबल आणि साशा उसेंको यांनी थर सोडवून त्या बारा वर्षांच्या आयुष्यातला कॉर्टिसॉलचा आलेख काढला. पुढे २०१८ मध्ये संग्रहालयांत पडून असलेले वीस देवमाशांचे असे बोळे तपासले गेले आणि १८७० ते २०१६ पर्यंतचा तणाव वाचता आला. व्यापारी शिकार वाढली तसा तणाव वाढला, १९६० च्या दशकात तो शिगेला पोचला, शिकारबंदीनंतर उतरला. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत शिकार थंडावली होती, तरी कॉर्टिसॉल चढलेलंच होतं. पाणबुड्या, सुरुंग, लढाऊ जहाजं यांनी समुद्र हादरत होता. त्याची नोंद या मुक्या जिवांच्या कानात राहिली. युद्धाच्या इतिहासाची अशी बखर कुणी लिहिली नव्हती.

मोकळ्या समुद्रातल्या देवमाशांची ही गोष्ट झाली. कोंडलेल्यांचं काय? तिथे प्राणी जवळ असतो, ही सोय. कनेटिकटमधल्या मिस्टिक अ‍ॅक्वेरियममध्ये बेलुगा देवमाशांना सांगताक्षणी श्वास सोडायला शिकवलं गेलं. नाकपुडीवर धरलेल्या तबकडीवर जे तुषार जमतात त्यात कॉर्टिसॉल मोजता येतं हे २०१४ च्या सुमारास दाखवलं गेलं. मोकळ्या समुद्रात हेच काम पुढे ड्रोन करू लागले. माशांच्या बाबतीत तर टाकीतलं पाणीच पुरतं: इंग्लंडमध्ये २००४ मध्ये रेनबो ट्राउट माशांवर दाखवलं गेलं की कॉर्टिसॉल त्यांच्या कल्ल्यांतून पाण्यात पाझरतं, आणि ते पाण्यातून मोजता येतं. माशाला हातही लावायला नको.

२०२१ मध्ये सात देशांतल्या ४३ संस्थांमधल्या डॉल्फिन आणि बेलुगांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विष्ठेतली संप्रेरकं आणि वर्तन दोन्ही पाहिलं होतं. टाकीचा आकार हीच एकमेव गोष्ट नसून प्राण्याला रोज नवं काही करायला मिळतं का, याचाही त्याच्या स्थितीवर मोठा परिणाम होतो, असा त्याचा रोख होता. मी हा निष्कर्ष जपून घेतो. अभ्यासात आलेल्या संस्था मानांकित आणि स्वतःहून सहभागी झालेल्या होत्या. ज्या टाक्यांत हाल आहेत त्या असा दरवाजा उघडत नाहीत.

आपल्या देशाने डॉल्फिनच्या बाबतीत तर मोजमापाची वाट न पाहता निर्णय घेतला, आणि तो योग्यच होता. १९९८ मध्ये चेन्नईजवळ परदेशातून आणलेल्या डॉल्फिनांचे खेळ सुरू झाले आणि ते जीव काही महिन्यांतच दगावले. तरी पुढे अनेक राज्यांत डॉल्फिनगृहांच्या योजना निघत राहिल्या. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून डॉल्फिनांना खेळासाठी, प्रदर्शनासाठी कोंडायला देशभर मनाई केली. त्यामुळे डॉल्फिन पाहायचा असेल तर मालवण-तारकर्लीच्या समुद्रात, त्याच्या घरी जाऊनच पाहावा लागतो. तेच बरं.

पण समुद्रातला एक पाहुणा महाराष्ट्रात आलाच. २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत दाखल झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांतली एक मादी जिवाणूसंसर्गाने मेली. मुंबईत मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मार्च २०१७ मध्ये गारेगार कक्ष लोकांसाठी उघडला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे पिल्लू जन्मलं, भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन. ते आठवडाभरातच गेलं. पुढे २०२१ मध्ये जन्मलेली पिल्लं वाढली. ही सगळी चर्चा वर्तमानपत्रांत झाली ती खर्चाची आणि राजकारणाची. पेंग्विनला काय वाटत होतं, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी जोरात विचारला नाही.

तो प्रश्न विचारायला शास्त्राकडे साधनं होती. चिलीच्या किनाऱ्यावर उर्सुला एलेनबर्ग यांनी याच हम्बोल्ट जातीवर २००६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. अंडं उबवणाऱ्या पेंग्विनच्या पोटाखाली खऱ्यासारखं दिसणारं बनावट अंडं ठेवलं, त्यात हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र. माणूस दीडशे मीटरवरून नुसता चालत गेला तरी ठोके वाढत, आणि सावरायला अर्धा तासही लागे. पेंग्विन बाहेरून शांत उभा असतो, म्हणून आपण त्याला निर्धास्त समजतो. दुसऱ्या जातीचे पेंग्विन माणसांना सरावतात, हम्बोल्ट तितके सरावत नाहीत, हा त्या अभ्यासाचा इशारा आहे. पक्ष्यांत मुख्य तणाव-संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन, तेही त्यांच्या विष्ठेत उतरतं. अंटार्क्टिकातल्या अ‍ॅडेली पेंग्विनांच्या विष्ठेत तणावाच्या संप्रेरकांचं माप घेऊन ते रक्ताशी ताडून पाहिलेलं आहे. काचेपलीकडे गर्दी, आणि अलीकडे रोज साफ होणाऱ्या फरशीवर पडलेली ही माहिती, असं चित्र जगातल्या प्रत्येक पेंग्विनकक्षात असतं.

भारतात या शास्त्राचं माहेर हैदराबाद. तिथल्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राची, म्हणजे सीसीएमबीची, 'लॅकोन्स' ही धोक्यात आलेल्या प्राण्यांसाठीची प्रयोगशाळा. शास्त्रज्ञ लालजी सिंग यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली, आणि २००७ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ती राष्ट्राला अर्पण केली. तिथल्या जी. उमापती यांच्या चमूने वाघ, हत्ती यांच्या विष्ठेतून तणाव मोजण्याची भारतीय परंपरा घडवली. कान्हा आणि बांधवगडच्या वाघांवरचा त्यांचा २०१९ चा निबंध आपल्या प्रत्येक सफारीप्रेमी माणसाने वाचावा: पर्यटनाच्या मोसमात वाघांच्या विष्ठेत तणावाचे अंश जास्त, जंगल बंद असताना कमी. त्याच वर्षी पाळीव हत्तींवर केलेल्या अभ्यासात धार्मिक उत्सवांत वापरल्या जाणाऱ्या हत्तींवर ताण अधिक दिसला. मिरवणुकीतल्या सजवलेल्या हत्तीकडे भक्तिभावाने पाहणाऱ्या समाजाने हे ऐकायला हवं. आणि २०१७ मध्ये भारतातल्या सहा प्राणिसंग्रहालयांतल्या वाघ-बिबट्यांच्या अभ्यासातून जे आढळलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं: पिंजऱ्यातल्या सोयींचा, तसंच रोज खाऊ घालणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या माणसाच्या वागणुकीचाही वाघाच्या तणावाशी संबंध आहे. वाघाच्या विष्ठेत त्याच्या केअरटेकरचा स्वभाव उमटतो.

आता सिद्धार्थ उद्यान. इथल्या वाघांनी नाव राखलं आहे. समृद्धी या वाघिणीने एप्रिल २०१९ मध्ये चार आणि डिसेंबर २०२० मध्ये पाच पिल्लांना जन्म दिला. इथले शक्ती आणि करिष्मा हे वाघ-वाघीण फेब्रुवारी २०२० मध्ये राणीच्या बागेत गेले. म्हणजे आमचे वाघ आणि सोलचे पेंग्विन एकाच कुंपणात शेजारी झाले. करिष्माने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे वीरा या पिल्लाला जन्म दिला. पण पिल्लं झाली म्हणजे सगळं आलबेल, असं मानायला शास्त्र तयार नाही. जागा अपुरी म्हणून २०१८ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने या प्राणिसंग्रहालयाची मान्यता काढून घेतली होती. प्राणी मोठ्या जागेत नेण्याच्या हमीवर ते सुरू राहिलं. ती मोठी जागा म्हणजे मिटमिट्याची शंभर एकर.

मोठी जागा चांगलीच. बसस्थानकाचे भोंगे, सुट्टीच्या दिवशीची गर्दी, काठ्या आपटणारी पोरं यांतून वाघ सुटतील. पण बरं होईल असं आपण गृहीत धरतो, वाघाला विचारत नाही. अनोळखी जागा, अनोळखी वास, नवे शेजारी, प्रवासातली बेशुद्धी किंवा पिंजऱ्याचा हिंदकळा, यांचाही मोठा ताण पडतो. तो किती पडला, किती दिवसांत उतरला, उतरलाच का, हे विष्ठेतून कळू शकतं. आणि इथे एक गोष्ट फार सोयीची आहे. विष्ठेतली चाचणी एखाद्या प्राण्यात खरंच तणाव दाखवते का, हे तपासायला शास्त्रज्ञांना एखादी ठाऊक असलेली ताणाची घटना लागते. नाहीतर अधिवृक्काला चेतवणारं इंजेक्शन देऊन पाहावं लागतं. स्थलांतर ही अशी घटना आयतीच समोर आहे. इंजेक्शनची गरज नाही.

काम फार अवघड नाही. ताजी विष्ठा सकाळी झाडलोट होण्याआधी उचलायची, कारण तापलेल्या फरशीवर जिवाणू तिच्यातले अंश मोडत राहतात. हातमोजे, छोटी डबी, वर वाघाचं नाव, तारीख आणि वेळ. डबी लगेच उणे वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये. एका पिंजऱ्यात दोन जनावरं असतील तर एकाच्या मांसात खाण्याचा रंग किंवा मक्याचे दाणे मिसळायचे, म्हणजे कुणाचं काय ते कळतं. जगभर हीच रीत आहे. नोंदवहीत त्या दिवशीचं खाणं, गर्दी, फटाके, आजार, औषधं लिहायची, कारण ऋतू, समागम, आहार यांनीही आकडे हलतात. पुढची वाळवणं, चाळणं, मेथनॉलने अर्क काढणं, प्लेटवर मोजणं ही प्रयोगशाळेची कामं. हैदराबादची प्रयोगशाळा रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर आहे. आमच्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आहे. विद्यार्थ्यांना यापेक्षा चांगला प्रकल्प कुठून मिळणार?

फक्त एक अट आहे. वाघा-वाघाचं मूळ माप वेगवेगळं असतं. समृद्धीचा आकडा दुसऱ्या वाघिणीच्या आकड्याशी लावून काही कळत नाही. तो तिच्याच आधीच्या आकड्याशी लावावा लागतो. म्हणून हलवण्याआधीचे नमुने हवेत, निदान दोन-तीन महिन्यांचे. मग प्रवासाच्या आठवड्यातले रोजचे, आणि नंतर सहा महिने ठरावीक दिवसांचे. आधीचे नमुने नसतील तर नंतरच्या आकड्यांना अर्थ उरणार नाही. रोलँड यांच्याकडे आधीच्या बरण्या नसत्या तर २००१ च्या शांत समुद्राची साक्ष कुणालाच ऐकू आली नसती.

ज्यांनी मांजरं, उंदीर, गुरं यांच्या जिवावर हे ज्ञान उभं केलं त्यांच्या काळात दुसरा मार्ग नव्हता. आपल्या काळात आहे. महापालिकेच्या पशुवैद्यकांनी आणि विद्यापीठाने एकत्र बसून हे काम स्थलांतराचा दिवस ठरण्याआधी सुरू करावं, येणारे आकडे चांगले असोत की वाईट, जसेच्या तसे जाहीर करावेत, आणि रविवारी मुलांना वाघ दाखवायला नेणाऱ्या आपण सगळ्यांनी त्यांच्याकडे ते मागत राहावं.